झोप गेली म्हणून डिप्रेशन, की डिप्रेशन आलं म्हणून झोप गेली?

तुम्ही लिहिलंय की सहा महिने रात्री जेमतेम चार तास झोप होतेय, आता कशातच मन लागत नाही, तर आधी झोपेचं बघू की डॉक्टरला डिप्रेशनचं सांगू. मी डॉक्टर नाही हां, ऐरोलीत राहते, महापेला अकाउंट्समध्ये आहे, पण वर्षभर ह्याच चक्रात होते.

आधी कोण हा नाद सोडा. माझे तीन-चार महिने त्यातच गेले. डिप्रेशनमध्ये झोप बिघडते हे सगळ्यांना माहितीये, पण उलटं पण होतं. नुसता निद्रानाश असलेल्यांना पुढे डिप्रेशन होण्याची शक्यता साधारण दुप्पट असते, असं २०११ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा निघालं होतं. त्यामुळे डॉक्टरला दोन्ही सांगा, एकाच दिवशी.

माझं कसं होतं, पडल्या पडल्या झोप लागायची पण पावणेचारला टक्क जाग, मग पहिल्या लोकलचा आवाज येईपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं आणि डोक्यात मुलाच्या फीपासून दहा वर्षांपूर्वी नणंदेला काय बोलले होते इथपर्यंत सगळं. सासूबाई जायफळ घालून दूध द्यायच्या, वर "तो मोबाईल ठेव गं बाजूला". ऑफिस चालू, डबे वेळेवर, मग डिप्रेशन कुणाला वाटणार, मलाच वाटलं नव्हतं. एकदा सकाळी भेंडी चिरताना रडायला आलं. कांदा असता तर निदान कारण तरी होतं!

जवळच्या क्लिनिकमध्ये दोन मिनिटांत झोपेची गोळी मिळाली. झोप लागली, सकाळ तशीच दगडासारखी. मग ठाण्याला सायकियाट्रिस्टकडे गेले. त्यांनी किती तास झोपता हे नंतर विचारलं, आधी विचारलं की सकाळी जास्त जड वाटतं आणि संध्याकाळी जरा बरं वाटतं का? मी बघतच राहिले. पहाटे लवकर जाग येणं आणि सकाळ सगळ्यात वाईट जाणं हे डिप्रेशनच्या एका प्रकारात अगदी ठरलेलं असतं म्हणे. तुम्हाला जाग कधी येते ते तुम्ही लिहिलंच नाहीये, डॉक्टरला मात्र नक्की सांगा.

औषध सुरू झालं (त्याला दोन-चार आठवडे तरी लागतात, मधेच स्वतःहून बंद करू नका) आणि सोबत सीबीटी-आय, म्हणजे झोपेसाठीची थेरपी. त्यात मला चक्क कमी वेळ झोपायला सांगितलं. बारा वाजता पलंगावर जायचं, साडेपाचला उठायचं, रविवारी पण. आपण झोप भरून काढायला नऊलाच आडवे होतो आणि जागे लोळतो, मग पलंग दिसला की मेंदूला जागायचीच सवय लागते. पंधरा-वीस मिनिटांत झोप नाही आली तर उठून बाहेर. मी हॉलमध्ये मंद दिव्यात लसूण सोलत बसायचे. पहिला आठवडा हाल झाले, ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या डुलक्या, पण तिसऱ्या आठवड्यात सलग झोप लागायला लागली, मग वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवला.

ऑक्सफर्डवाल्यांचा २०१७ चा एक प्रयोग आहे, ब्रिटनमधले ३७५५ विद्यार्थी घेतलेले, त्यातल्या काहींना ऑनलाइन हीच थेरपी दिली तर झोपेसोबत डिप्रेशन पण काही प्रमाणात कमी झालं. नुसत्या थेरपीने माझं भागलं असतं असं मला नाही वाटत, पण झोपेकडे नुसतं लक्षण म्हणून बघणं पण चूकच.

हे मनाने सुरू करू नका मात्र. बायपोलर (मूड कधी खूप चढतो, कधी खूप पडतो तो आजार) असेल तर झोप कमी केल्याने मेनिया, म्हणजे तो चढलेला टप्पा, उसळू शकतो, आणि गाडी चालवायचं काम असेल तर डुलकी लागली की संपलं. घोरता का तेही घरच्यांना विचारा, स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार असेल तर उपाय वेगळा. थायरॉइड बघून घ्या.

आणि पहाटे जगणंच नको असले विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, घरातल्या कुणाला तरी उठवा आणि १४४१६ ला, टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावा. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

मी कालनिर्णयवर दुधाचा खाडा लिहिते ना, त्याच चौकोनात उठल्याची वेळ लिहायचे. ह्या महिन्यात पावणेचार चारदाच लिहिलंय, खाडे सहा.