रिटुक्सिमॅबनंतर बी पेशी शून्य, मग गोवराची प्रतिपिंडे कुठून येतात?

प्रश्न चांगला आहे: रिटुक्सिमॅब हे बी पेशी मारणारे औषध दिल्यावर रक्तात या पांढऱ्या पेशी सापडत नाहीत, तरी गोवराविरुद्धची प्रतिपिंडे शाबूत कशी? कारण ती बनवणारी प्लाझ्मा पेशी बी पेशीपासूनच घडते, पण घडताना बी पेशीची ओळख टाकून देते.

रिटुक्सिमॅब सीडी२० हे प्रथिन पाहून पेशी मारते. अस्थिमज्जेतल्या मूळपेशींवर ते नसते, बी पेशी घडताना येते आणि प्लाझ्मा पेशी होताना जाते.

लसिका ग्रंथीत प्रतिजन (जंतूचा ओळखता येणारा भाग) भेटला आणि टी पेशी या मदतनीस पांढऱ्या पेशींची साथ मिळाली की काही बी पेशी लगेच प्रतिपिंडे सोडू लागतात. त्यातल्या बहुतेक अल्पायुषी. बाकीच्या जर्मिनल सेंटरमध्ये, म्हणजे ग्रंथीतल्या बी पेशींच्या तालमीच्या जागेत शिरतात. तिथे एआयडी हे विकर त्यांच्या प्रतिपिंडांच्या जनुकांत मुद्दाम चुका घालते, आणि प्रतिजनाला घट्ट धरणाऱ्यांनाच टी पेशींची मदत जास्त मिळते. पुढचा निर्णय जनुके चालू-बंद करणारी काही प्रथिने घेतात. त्यातले बीसीएल६ चढे असेपर्यंत पेशी तिथेच रमते. आयआरएफ४ ची पातळी वाढली की ब्लिम्प-१ जागे होते. मग ते आणि बीसीएल६ एकमेकांना दाबतात, म्हणून पेशी अधेमधे रेंगाळत नाही. बी पेशीची ओळख जपणारे पॅक्स५ बंद पडते, सीडी२० जाते आणि एक्सबीपी१ प्रथिने बाहेर सोडणारी यंत्रणा फुगवते. पाठ्यपुस्तकातला बी पेशीकडून प्लाझ्मा पेशीकडे जाणारा सरळ बाण मला म्हणूनच खटकतो. ही दोन्ही बाजूंनी ओढाताण आहे.

अशा काही प्लाझ्मा पेशी अस्थिमज्जेत मुक्काम ठोकतात आणि भोवतालच्या पेशींकडून येणाऱ्या ‘एप्रिल’ नावाच्या प्रथिनाच्या संकेतावर वर्षानुवर्षे तगतात. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवर आला तेव्हा १७८१ च्या साथीत तो होऊन गेलेले म्हातारे सुटले, हे पानुम या डॅनिश डॉक्टरने नोंदवले आहे. त्या ६५ वर्षांचे सगळे श्रेय मात्र प्लाझ्मा पेशींना देता येणार नाही, जुना जंतू लक्षात ठेवणाऱ्या बी पेशी, म्हणजे स्मृती पेशीही असतातच.

स्मृती पेशींवर सीडी२० टिकून असते, त्यामुळे औषधात त्याही जातात. नव्या लसीला उत्तर द्यायला कोऱ्या बी पेशीही उरत नाहीत. म्हणून शक्य असेल तर लसी पहिल्या डोसआधी उरकतात. डोस वर्षानुवर्षे चालू राहिले तर एकूण आयजीजी (रक्तातला प्रतिपिंडांचा मुख्य प्रकार) देखील घसरू शकते, तेव्हा ‘शाबूत’ हा शब्द जपून वापरा.

मल्टिपल मायलोमात गणित उलटते. तो प्लाझ्मा पेशींचाच कर्करोग, तिथे सीडी२० बहुधा नसतेच. म्हणून नव्या कार-टी उपचारांचा (यात रुग्णाच्याच टी पेशी बदलून परत देतात) रोख बीसीएमए या प्लाझ्मा पेशींवरच्या प्रथिनावर असतो. त्यात निरोगी प्लाझ्मा पेशीही मरतात, जुनी प्रतिपिंडे उतरतात आणि काही रुग्णांना इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांची प्रतिपिंडे, शिरेतून द्यावे लागते.