पाणी हिरवं झालं म्हणून मोरचूद टाकू नका

आखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंगच हिरवा होतो. हौद हिरवा, टाकी हिरवी, कारंजं हिरवं. यंदा तर निम्म्याच्या वर प्रश्न कोई माशांच्या, म्हणजे हौदात पाळायच्या रंगीत कार्पच्या, हौदाचे आलेत, त्यामुळे कुंडीतली मिरची आणि गुलाबावरचा मावा पुढच्या अंकात घेऊ, त्या मंडळींनी रागावू नका.

प्रश्न (धुळे, देवपूर) : मागच्या अंगणात ८ बाय ६ फुटांचा, ३ फूट खोल हौद बांधला, आतून टाइल्स लावल्या, १४ कोई सोडले. आधी दोन महिने पाणी असं होतं की तळाच्या टाइल्स मोजता यायच्या. होळीनंतर हिरवं व्हायला लागलं आणि आता मासे फक्त खायला वर आले की दिसतात. तीनदा सगळं पाणी उपसलं, घासून काढलं, पुन्हा भरलं, आठ दिवसात परत तेच. फिल्टर आहे, मोटार दिवसभर चालू ठेवतो, रात्री बंद करतो. आई म्हणते, "पानी हिरवं व्हई गय, आते मासा कसाले पाळस?" काय करू?

उत्तर : भाऊ, आईंचा प्रश्न रास्त आहे पण मासे ठेवा. आधी एक काचेचा ग्लास घ्या, हौदातलं पाणी भरा आणि खिडकीत तासभर ठेवून द्या. गाळ खाली बसून वरचं पाणी नितळ झालं तर ती माती आहे, शेवाळ नाही. पाणी कोऱ्या चहासारखं दिसलं तर कुठेतरी पाला कुजतोय. आणि तासाभरानंतरही पोपटी रंग तसाच तरंगत राहिला तर ते डोळ्यांना सुटं न दिसणारं, एकेका पेशीचं शेवाळ, तुमच्याकडे बहुतेक हेच निघेल, कारण आठ दिवसात परत येतं म्हणता.

आता ते परत का येतं ते बघा. शेवाळाला दोनच गोष्टी लागतात, ऊन आणि खत. ऊन आपल्याकडे फुकट आणि नको तितकं. खत तुम्ही रोज मुठीने टाकताय, माशांचं खाणं म्हणून. मासा खातो, त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो, फिल्टरमधले जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट हे शेवाळाचं आवडतं जेवण, म्हणजे युरिया टाकल्यासारखंच म्हणा. हे जिवाणू स्पंजवर, जाळीवर, खडीवर, हौदाच्या भिंतीवर चिकटून राहतात आणि त्यांचा संसार नीट बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. तुम्ही तीनदा हौद उपसून घासला म्हणजे तीनदा तो संसार मोडला. वर मोटार रात्री बंद, म्हणजे फिल्टरमध्ये पाणी साचून ऑक्सिजन संपतो आणि उरलेसुरले जिवाणूही मरायला लागतात, सकाळी मोटार चालू केली की तेच कुजकं पाणी हौदात. लाईट बिलाची काळजी असेल तर हिशोब सांगतो, ४० वॉटची मोटार २४ तास चालली तर रोजचं एक युनिट सुद्धा पूर्ण होत नाही.

दुसरा हिशोब माशांचा. ८ गुणिले ६ गुणिले ३ म्हणजे १४४ घनफूट, एका घनफुटात साधारण २८ लिटर, म्हणजे तुमचा हौद ४,००० लिटरचा. कोई आणताना बोटाएवढा असतो म्हणून १४ आणले जातात, सगळेच आणतात, मीही आणले होते, पण हा मासा नीट वाढला तर २ फुटांपर्यंत जातो आणि एका मोठ्या कोईला हजारेक लिटर पाणी धरावं. म्हणजे तुमच्या हौदात ४, फार तर ५. बाकीचे आत्ताच कुणाला देऊन टाका असं म्हणत नाही, पण गिऱ्हाईक शोधायला लागा, कारण १४ माशांच्या घाणीपुढे कुठलाही फिल्टर टिकणार नाही.

आता करायचं काय. उपसणं बंद. त्याऐवजी आठवड्याला दहावा हिस्सा, म्हणजे ४०० लिटर पाणी तळाशी पाइप लावून गाळासकट काढायचं आणि तेवढंच नवीन घालायचं. काढलेलं पाणी गटारात सोडू नका हो, लिंबाला घाला, कढीपत्त्याला घाला, फरक बघा. नळाचं पाणी असेल तर त्यात क्लोरीन असतो, तो माशांचे कल्ले जाळतो आणि जिवाणू मारतो, म्हणून मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं क्लोरीन काढायचं औषध टाकूनच भरा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, हौदातल्याच बादलीभर पाण्यात दोनदा पिळायचा, पाणी मळकट राहिलं तरी राहू द्या, चकचकीत करायचा नाहीच आहे तो. मोटार अशी हवी की दर एक-दोन तासांनी सगळं पाणी एकदा फिल्टरमधून जाईल, म्हणजे तुम्हाला तासाला २ ते ४ हजार लिटरची.

खाणं निम्मं करा. पाच मिनिटांत जेवढं संपेल तेवढंच, आणि भर मेमध्ये दुपारी बिलकुल नाही, सकाळी एकदा. तुम्ही लिहिलं नाहीये पण विचारतो, घरात लहान मुलं असतील तर ती माशांना काय काय घालतात ते एक दिवस लपून बघा. आमच्याकडे पाहुण्यांच्या पोरांनी शेव टाकली होती, अर्धं पाकीट, पाण्यावर तेलाचा तवंग आणि दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ.

आणि ऊन. तुमचा हौद मागच्या अंगणात म्हणजे उघड्यावर ऊन घेत असणार. ५० टक्क्यांची हिरवी नेट, केळीच्या रोपवाटिकेवर असते तीच, ६-७ फुटांवर ताणून बांधा. खंड्या आणि बगळ्यापासून मासे वाचतील ते वेगळं. नेट नको असेल तर निम्म्याहून जास्त पाणी पानांनी झाका, पण कमळ कुंडीत लावून वर मोठे गोटे ठेवा, कोई माती उकरतो. एवढं केलं की साधारण महिन्याभरात फरक दिसेल. घाई असेल तर यूव्ही दिवा, म्हणजे अतिनील किरणांचा, लावा, त्याचं खाली लिहिलंय.

प्रश्न (अमळनेर) : पाण्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकला तर शेवाळ लगेच मरतं असं शेजाऱ्यांनी सांगितलं, घरात झाडांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी आणलेला आहेच. किती टाकू? आणि तुरटी चालेल का?

उत्तर : ताई, नका टाकू. मी टाकलाय म्हणून सांगतो.

आठेक वर्षं झाली असतील. मेचा महिना, हौद शेवाळाने भरलेला, आणि एका दुकानदाराने अगदी छातीठोकपणे सांगितलं की एवढासा मोरचूद फडक्यात बांधून पाण्यात फिरवायचा, दोन दिवसात काच. मी संध्याकाळी फिरवला. रात्री ११ ला बघितलं, सगळं ठीक. पहाटे ५ ला बायकोने उठवलं, मासे सगळे वर येऊन तोंडं उघडी करून हवा खातायत, दोन आडवे पडलेत, आणि पाणी हिरवं नाही, मळकट करडं. मी पाइप लावला, नळ अजून आलेला नव्हता, बादलीने पाणी उंचावरून ओतत बसलो, हात भरून आले. पाच गेले. त्यातला एक पांढरा-लाल, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंतचा, तो दुपारी गेला.

नंतर कळलं काय झालं ते. मोरचुदातलं तांबं माशाच्या कल्ल्यांना थेट बाधतंच, पाणी जितकं हलकं तितकं जास्त, पण त्याहून मोठा दगा शेवाळ एकदम मेल्याचा. जिवंत शेवाळ दिवसा ऑक्सिजन बनवतं आणि रात्री माशांसारखंच ऑक्सिजन खातं, म्हणून हिरव्या हौदात धोक्याची वेळ नेहमी पहाटेची. ते सगळं एका रात्रीत मेलं की कुजायला लागतं आणि कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही ओढून घेतं. त्यात आपलं गरम पाणी. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच, आणि मासा मात्र गरम पाण्यात जास्त श्वास घेतो. कोई मुळात जपानच्या निगाता भागातला, डोंगराळ, बर्फाच्या मुलखातला, तिथल्या भातशेती करणाऱ्यांनी १९व्या शतकात कार्प माशातूनच रंग निवडून निवडून तयार केलेला. त्याला आपण भुसावळच्या ४५ डिग्रीत आणून ठेवलंय, निदान श्वास तरी घेऊ द्या.

तुरटीचं असं, ती मातीचा गढूळपणा बसवते, पिण्याच्या माठात म्हणूनच फिरवतात, पण तिने पाण्याचा खारेपणा... नाही, चुकीचा शब्द झाला, पाण्याची आम्ल झेलायची ताकद म्हणतात ती कमी होते, पीएच धाडकन खाली येऊ शकतो. मासे असलेल्या हौदात नको. ब्लीचिंग पावडरबद्दल तर विचारूच नका.

हाताशी ठेवायची गोष्ट एकच, हवेचा पंप, बुडबुडे सोडणारे दोन दगड (एअर स्टोन) लावून, इन्व्हर्टरवर. रात्री लाईट गेली तरी तो चालला पाहिजे.

प्रश्न (फैजपूर) : यूव्ही दिवा बसवला, पाणी खरंच स्वच्छ झालं, आठ-दहा दिवसात तळ दिसला. पण आता धबधब्याच्या दगडांवर आणि भिंतींवर लांब केसांसारखं शेवाळ लोंबतंय, हाताने ओढलं की दोरीसारखं येतं. दिवा खराब निघाला का?

उत्तर : दिवा चांगला आहे, त्याच्याकडून नको ते काम मागताय. यूव्हीचं काम फक्त पाण्यातून वाहत त्याच्यासमोर येणाऱ्या शेवाळापुरतं, त्या पेशी मरून एकमेकींना चिकटतात आणि फिल्टरमध्ये अडकतात. दगडाला धरून बसलेलं शेवाळ दिव्यापर्यंत जातच नाही, त्याला काय होणार. उलट पाणी नितळ झालं की ऊन थेट तळापर्यंत पोचतं आणि खत तर पाण्यात आहेच, म्हणून एक गेलं आणि दुसरं आलं. हे तुमच्यासारखं खूप जणांना होतं.

ते हातानेच काढायचं. टॉयलेट ब्रश, कधीच न वापरलेला घ्या म्हणजे झालं, काठीला बांधायचा, शेवाळात खुपसून शेवया गुंडाळतात तसा गोल फिरवायचा, पूर्ण जुडगं निघून येतं. खतात टाका, छान कुजतं. पण भिंतीवरचा बोटभर... बोटभर नाही, मखमलीसारखा अगदी पातळ हिरवा थर असतो ना, तो खरवडू नका. तो चांगला, तो स्वतःच पाण्यातलं खत खातो आणि मासे त्याला दिवसभर टुचटुच चोचत बसतात.

पाण्यातलं खत कमी करायला मला सगळ्यात आवडलेला उपाय कर्दळीचा. धबधब्याच्या वर किंवा बाजूला एक उथळ टाकं करा, फूटभर खडी भरा, मोटारीचं पाणी खालून सोडा म्हणजे ते खडीतून वर येत हौदात पडेल, आणि खडीत माती न घालता कर्दळ, अळू, वाळा लावा. मुळं नायट्रेट ओढतात. अळूचं फदफदं मात्र माशांना औषधं दिलेली नसतील तरच करा. जलपर्णीही हेच काम करते आणि फार जोरात करते, पण जास्तीची काढून उन्हात वाळवा, नाल्यात टाकू नका, तापीत ती आधीच कमी नाही.

आणि दिव्याबद्दल एक, आपलं बोअरचं पाणी जड असल्याने दिव्यावरच्या काचेच्या नळीवर पांढरा थर बसतो, दिवा पेटलेला दिसतो पण किरण बाहेर येत नाहीत. दोन महिन्यांनी मेन स्विच बंद करून नळी काढा, लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने पुसा. बल्ब निळा दिसत राहतो तरी वर्षभरात त्याचा जोर उतरतो, बदलावा. पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका आणि हौदाच्या लाईनला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लावलाच पाहिजे, पाण्यात हात घालतो आपण.

प्रश्न (चाळीसगाव) : उन्हाळ्यात रोज पाणी कमी होतं, आम्ही रोज बोअरने भरतो. म्हणजे रोज पाणी बदललंच की, मग वेगळं कशाला बदलायचं?

उत्तर : नाही ना. उडतं ते नुसतं पाणी, क्षार आणि नायट्रेट हौदातच राहतात, वर बोअरचे आणखी क्षार येतात. आमटी आटत ठेवून वरून पाणी घालत राहिलं तर मीठ कमी होतं का? बदलायचं म्हणजे आधी काढायचं, मग घालायचं. आणि पाणी उडण्यापेक्षा जास्त कमी होत असेल, तर मोटार आठ तास बंद करून खुणेची पट्टी लावा. बंद ठेवल्यावर पातळी टिकली तर धबधब्याच्या कडेने गळतंय, तरी उतरली तर हौदच गळतोय. त्या आठ तासांत हवेचा पंप चालू ठेवा.

प्रश्न (शहादा) : शेतात प्लास्टिकचं शेततळं आहे, पाणी हिरवं होतं आणि ठिबकच्या नळ्या तुंबतात. त्यात कोई सोडले तर शेवाळ खातील का?

उत्तर : कोई तळ उकरतो, पाणी आणखी गढूळ करतो, आणि रंगीत मासा उघड्या शेततळ्यात म्हणजे बगळ्यांना पंगत. शेवाळ खाऊन पाणी नितळ करणं त्याच्याकडून व्हायचं नाही. पाण्यात तरंगतं शेवाळ खाणारा मासा म्हणजे चंदेरी, सिल्व्हर कार्प म्हणतात तो, आणि खायला-विकायला कटला-रोहू बरे. ठिबकसाठी वाळूचा फिल्टर आणि त्यामागे डिस्क फिल्टर लावा, दोन्ही वेळेवर उलट धुवा, आणि फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाचं टोक, तळाशी टेकवू नका, वर तरंगवूही नका, पृष्ठभागाखाली दीड-दोन फुटांवर तरंगत्या पिंपाला बांधून ठेवा, शेवाळ वरच्या थरात जास्त असतं आणि गाळ खाली. पंप सकाळी लवकर चालवलात तर आणखी बरं, दुपारपर्यंत शेवाळाचे गोळे फुगून वर येतात आणि वाऱ्याने नेमके पाइपाकडे जमतात.