'परिमेय'मधला 'मेय' कोणता?

प्रश्न असा आहे: पूर्णांक/पूर्णांक अशा अपूर्णांकात लिहिता येते ती परिमेय संख्या, आणि 'परिमेय' म्हणजे मोजता येण्याजोगी. मग १/३ चे दशांश ०.३३३… असे संपतच नाहीत, तरी ती परिमेय. आणि १ सेंमी बाजूच्या चौरसाचा कर्ण समोर आखलेला दिसतो, तरी त्याची लांबी √२ अपरिमेय. नावांची अदलाबदल झाली की काय?

नाही झाली. 'मा' हा मोजण्याचा धातू. परिमाण, परिमिती, अनुमेय हे सगळे त्याच्याच घरचे. व्यवहारात 'अपरिमित' म्हणजे अमाप, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. √२ अमाप कसली, दीडपेक्षाही लहान आहे! इथले मोजणे एकट्या लांबीचे नसून दोन लांब्यांचे मिळून आहे. एकच माप दोन्हींत पुरेपूर, काही न उरता बसले, तर त्या परस्परांशी परिमेय. १ आणि १/३ यांना १/३ हेच माप चालते: एकीत तीनदा, दुसरीत एकदा. दशांश संपतात की नाही, याचा इथे संबंध नाही. चौरसाची बाजू आणि कर्ण यांना मात्र असे सामाईक माप नाहीच. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिड याच्या 'एलिमेंट्स' या भूमितीच्या ग्रंथाचा दहावा भाग अशाच राशींबद्दल आहे.

माप कितीही बारीक घेतले तरी जमणार नाही, हे ठामपणे कसे सांगायचे? इथे मूळ अवयव, म्हणजे २, ३, ५ असे आणखी न फुटणारे अवयव, कामी येतात. समजा एखादे माप कर्णात अ वेळा आणि बाजूत ब वेळा पुरेपूर बसते; म्हणजे √२ = अ/ब, दोन्ही नैसर्गिक संख्या. मग अ² = २ब². वर्गसंख्येत प्रत्येक मूळ अवयव सम वेळा येतो; उदाहरणार्थ ३६ = २×२×३×३. म्हणजे डावीकडे २ सम वेळा, आणि उजवीकडे त्या एका जादा २ मुळे विषम वेळा. पण एका संख्येचे मूळ अवयव एकाच तऱ्हेने पडतात, तेव्हा असे अ आणि ब असूच शकत नाहीत. शाळेत 'अ सम, म्हणून ब सम' अशी सिद्धता घोकतात, तिच्यापेक्षा मला ही आवडते. √३, √५ साठी वेगळे काही करावे लागत नाही.

दशांश संपणार का, हेही छेदाचे मूळ अवयव सांगतात. १० = २×५, त्यामुळे संक्षिप्त रूपातल्या छेदात २ आणि ५ खेरीज काही नसेल तरच दशांश रूप खंडित, म्हणजे संपणारे: ७/४० = ०.१७५. नाहीतर अखंड आवर्ती, म्हणजे तेच अंक पुन्हा पुन्हा येत राहणारे. 'संक्षिप्त' विसरू नये. ६/१५ च्या छेदात ३ दिसतो, पण ती २/५, म्हणजे ०.४. आणि २२/७ परिमेयच आहे बरे का. अपरिमेय आहे तो π, २२/७ ही त्याची जवळची किंमत.

जोडप्रश्न होता की २, ३, ५, ७ अशा मूळ संख्यांसाठी हिंदीतला 'अभाज्य' हा शब्द आपल्या 'मूळ'पेक्षा नेमका नाही का. माझे मत 'मूळ'कडे. भाग न जाणे हा गुण १ मध्येही आहे, पण १ या यादीत नाही; घेतला तर ६ = २×३ = १×२×३ = १×१×२×३ असे अवयव हवे तितक्या तऱ्हांनी पाडता येतील. ज्यांच्या गुणाकारातून बाकीच्या संख्या घडतात त्या मूळ, हे नाव कामावरून पडल्यासारखे आहे. अडचण एवढीच की वर्गमूळ आणि समीकरणाची मुळेही याच शब्दावर हक्क सांगतात. ३६ चे 'मूळ' असे कोणी मोघम विचारले, तर ६ सांगायचे की २ आणि ३, हे आधी विचारून घ्यावे.