कामाच्या वेळात बाळ कुणाकडे?

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवाचा तुझा मेसेज दोनदा वाचला. बाळ आठ महिन्यांचं, कंपनीने घरून काम करायला परवानगी दिलेली, सासूबाई म्हणतात, "घरीच तर आहेस, मग पाळणाघर कशाला?" आणि तू रात्री एकपर्यंत लॅपटॉपपुढे. वर मलाच विचारतेस, माझं नियोजन चुकतंय का? नियोजनाचा प्रश्नच नाही गं. मला एवढंच सांग, दहा ते सहा बाळ कुणाकडे असतं? तुझ्याकडेच असेल, तर तू एकाच वेळी दोन नोकऱ्या करते आहेस आणि पगार एकीचा घेते आहेस. कामाच्या वेळात मूल दुसऱ्या कुणाच्या तरी हाती हवं. बाकी सगळं त्यानंतर.

आठव्या महिन्यात पोर रांगतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं. दुपारची झोप कधी दोन तास, कधी वीस मिनिटं. आणि त्या झोपेच्या भरवशावर तू कॉल ठरवतेस! थोडं मोठं झालं की सोपं होईल, असं लिहिलंयस. नाही होणार. दीड वर्षाचं झालं की लॅपटॉपची बटणं दाबेल, दोन वर्षांचं झालं की बंद दाराबाहेर उभं राहून हाका मारेल.

मी डोंबिवलीत घरून हाउसिंग सोसायट्यांचे हिशेब लिहायला लागले, तेव्हा वर्क फ्रॉम होम कुणाला ठाऊक नव्हतं. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, सिंकिंग फंड, वार्षिक सभेआधी ताळेबंद. लेकीला मागच्या गल्लीतल्या पाळणाघरात ठेवलं. बिल्डिंगमध्ये कुजबुज झाली, आई घरात आणि पोर पाळणाघरात! नणंदेने तर तोंडावर विचारलं. मी बधले नाही, आजही बधत नाही. संध्याकाळी तिला आणायला जायचे तेव्हा वह्या मिटलेल्या असायच्या आणि रात्र तिची असायची. लेकीला आजही पाळणाघरातल्या आजींच्या हातचं गोडं वरण आठवतं. कोणी काहीही म्हणो, मी तिला काही कमी केलं नाही.

खंत आहे, ती वेगळीच. भिवंडीच्या एका कारखान्याचं काम चालून आलं होतं, सोसायट्यांपेक्षा कितीतरी मोठं. पण महिनाअखेरीस तिथे उशिरापर्यंत बसावं लागणार होतं, पाळणाघर सहाला बंद व्हायचं आणि नवरा साडेआठच्या आत घरी पोचायचा नाही. ते काम गेलं, तसं पुन्हा आलं नाही. म्हणजे बघ, मूल दुसऱ्याकडे होतं म्हणून माझं काही अडलं नाही. सहानंतर दुसरं कुणी नव्हतं, तिथे अडलं.

कायद्याचंही ऐक. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायदा सुधारला, पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली, हे तुला माहीत आहेच, तू ती घेतलीस. त्याच दुरुस्तीत ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची झाली आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जायची मुभा मिळाली. रजेनंतर घरून काम करण्याची तरतूदही तेव्हाच आली, कामाच्या स्वरूपावर आणि दोन्ही बाजूंच्या संमतीवर सोडलेली. दोन्ही तरतुदी वेगवेगळ्या आहेत. घरून काम दिलं की मूल आपोआप सांभाळलं जातं, असं कायदा करणाऱ्यांनीही धरलं नाही. मग तू का धरतेस?

आता तुझा नवरा. तोही आठवड्यातले तीन दिवस घरीच असतो म्हणतेस, पण त्याच्या खोलीचं दार बंद आणि तुझं उघडं. हे तुमच्याच घरात आहे असं समजू नकोस. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्यांपैकी बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि पुरुष ९७. ते वर्ष २०१९. मधे लॉकडाउन येऊन गेला, पुरुषही घरी बसून नोकरी करू लागले. २०२४ चे आकडे २८९ आणि ८८. तेव्हा तो घरी आहे म्हणजे बाळाकडे बघतोय, असं धरून चालू नकोस. तास वाटून घ्या, कागदावर.

सासूबाई सांभाळणार असतील तर उत्तम, पण त्यांचेही तास ठरव. त्यांना गुडघे आहेत, दुपारची झोप आहे. आणि एक, पाळणाघराची फी तुझ्या पगारातून वजा करून 'मग उरतं काय' असा हिशेब मांडू नकोस. मी आयुष्यभर हिशेबच लिहिले. ती फी घरखर्चात पडते, मूल दोघांचं आहे.

एचआरला लेखी विचार, पाळणाघराची सोय कुठे आहे, घरून काम करणाऱ्यांना ती कशी मिळते. जवळची दोन-तीन पाळणाघरं बघून ये, तीही दुपारी, न कळवता. जेवणाच्या आणि झोपेच्या वेळी किती मुलांमागे किती बायका आहेत ते मोज. घरचा डबा चालतो का, मावशी आल्या नाहीत तर बदली कोण, तापात काय करतात, सगळं विचार. पहिला आठवडा दोनच तास ठेव. बाळ रडेल, तुलाही रडू येईल, तरी त्या दोन तासांत कामच कर, कपड्यांच्या घड्या घालत बसू नकोस. सकाळी तू सोडायचं, संध्याकाळी त्याने आणायचं.

रविवारी अकरानंतर फोन कर. नवऱ्यालाही जवळ बसव, मला त्याच्याशी बोलायचंय.

तुझी,
मावशी