मुंबई गाठू का?

प्रश्न : सातपूरला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. 180 पानांची पटकथा तयार आहे. नोकरी सोडून मुंबई गाठू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : एवढ्यात नको. दादासाहेब फाळक्यांनी तर 1913च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर मुंबईहून नाशिकला बस्तान हलवलं होतं! पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. तुमचा सिनेमा तीन तासांचा झाला की हो. आधी त्यातल्याच एका प्रसंगावर दहा पानांचा लघुपट करा. रात्रपाळी सुटल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर काय बोलणं चालतं, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? (गोदाघाटाची ड्रोनदृश्यं कृपया नकोत, डोळे विटले.) चित्रीकरण मोबाइलवर चालेल, पण कॉलर माइक घ्याच, संवाद कळला नाही तर प्रेक्षक उठतो. मोठी पटकथा कोणाला पाठवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेचे सभासद होऊन ती तिथे नोंदवा, ते ऑनलाइन होतं.