कांदा जास्त पिकला तर पैसे कमी कसे?

प्रश्न: सर, मी एफवायबीएला आहे, घरी निफाड तालुक्यात कांदा असतो. यंदा माल जास्त निघाला तरी पट्टी (विक्रीच्या हिशोबाची पावती) कमी पैशांचीच आली. पुस्तकात मागणीची लवचिकता वाचली पण डोक्यात शिरत नाही.

उत्तर: अगं, तुझ्या घरच्या पट्टीतच तो धडा आहे. कांदा दहा रुपये किलो झाला म्हणून आई भाजीत दुप्पट कांदा घालते का? नाही ना, आणि साठ झाला तरी फोडणीला थोडा लागतोच, म्हणजे भाव कितीही हलला तरी मागणी फारशी हलत नाही, हीच कमी लवचिक मागणी. आता हिशोब बघ. समजा लासलगावच्या बाजारात आधी १०० क्विंटल माल क्विंटलला २००० रुपयांनी गेला, दोन लाख झाले. आता १२० क्विंटल आला, पण एवढा माल खपायला भाव १२०० पर्यंत उतरला, तर हातात १ लाख ४४ हजारच. मागणी २० टक्के वाढवायला भाव ४० टक्के पडला, भागाकार कर, लवचिकता ०.५, एकपेक्षा कमी. एकपेक्षा जास्त असती तर उलट पैसे वाढले असते.

आणि एकट्या तुझ्या वडिलांनी कमी लावून भाव चढत नाही, मार्केटमध्ये हजारो शेतकरी असतात. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, टिकतो म्हणून थोडं थांबता तरी येतं, पण खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, तो मिळेल त्या भावाला द्यावाच लागतो, आणि याचं मला फार वाईट वाटतं. घरच्या जुन्या पट्ट्या काढ, दोन वर्षांचे आकडे घेऊन हाच भागाकार करून बघ.