घाटात थांबणारे व्हॅक्यूम वायपर : आधी दुरुस्ती, मग विजेच्या मोटरचा विचार

आपल्या १९४८ च्या शेव्हरोले फ्लीटमास्टरचे वायपर पुण्यात सपाट रस्त्यावरही रेंगाळतात, खंडाळ्याचा घाट चढताना तर पूर्ण थांबतात, आणि गॅरेजमध्ये विजेची मोटर बसवून घेण्याचा सल्ला मिळाला आहे, असे आपण लिहिले आहे. यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. चढावर थांबणे हा व्हॅक्यूम वायपरचा स्वभाव आहे, तर सपाटीवर रेंगाळणे हा दोष आहे. माझे स्पष्ट मत असे की आधी दोष काढावा, आणि उरलेला स्वभाव आपल्याला चालणार नसेल तरच मोटर बदलावी.

या वायपरला लागणारी शक्ती इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरकडे हवा-पेट्रोलचे मिश्रण नेणाऱ्या नळीतील, निर्वातातून (व्हॅक्यूममधून) मिळते. मोटरच्या डबीत एक पाते असते. त्याच्या एका बाजूची हवा इंजिन ओढून घेते, दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा त्याला ढकलते, आणि फेरीच्या टोकाला एक छोटा व्हॉल्व्ह या बाजूंची अदलाबदल करतो. चढावर आपण ॲक्सिलरेटर दाबून धरला की कार्बोरेटरची झडप उघडी राहते, मॅनिफोल्डमधील निर्वात जवळजवळ नाहीसा होतो आणि पाते ढकलायला काही उरत नाही. म्हणूनच घाटात वरच्या गिअरमध्ये इंजिनला ताण देण्यापेक्षा एक गिअर खाली घेऊन ॲक्सिलरेटर थोडा कमी दाबला, तर वायपर बऱ्यापैकी चालत राहतात.

तपासणी इंजिनपासून सुरू करावी. मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावून इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, काटा पाहावा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन पाऱ्याचे सुमारे १७ ते २१ इंच दाखवते. उंचीनुसार दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो, त्यामुळे पुण्यात १५ ते १९ इंच आले तरी काळजीचे कारण नाही. काटा याहून बराच खाली असेल किंवा सतत थरथरत असेल, तर दोष व्हॉल्व्ह, इग्निशनचे टायमिंग किंवा मॅनिफोल्डचे गॅस्केट यांपैकी कशात तरी आहे, आणि अशा इंजिनवर नवी वायपर मोटर बसवूनही उपयोग होणार नाही. त्यानंतर गेज वायपर मोटरकडच्या नळीच्या टोकाला लावावे. दोन्ही ठिकाणच्या आकड्यांत फरक दिसला तर नळी गळते आहे. जुने रबर कडक होऊन जोडापाशी चिरते, आणि त्यातून शिरणारी हवा वायपर मंद करतेच, शिवाय हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ करून आयडलिंगही बिघडवते. नवी नळी जाड भिंतीचीच घ्यावी. पेट्रोलची पातळ नळी वळणावर आतून चिकटून बंद होते.

आपल्या गाडीला दुहेरी पेट्रोल पंप असेल, म्हणजे पेट्रोलच्या डायफ्रॅमबरोबर (लवचीक पडद्याबरोबर) वायपरला निर्वात पुरवणारा दुसरा डायफ्रॅम असेल, तर तोही तपासावा. तो फाटला की चढावर मिळणारी मदत जाते आणि क्रँककेसमधील (इंजिनच्या तळाच्या पेटीतील) तेल मॅनिफोल्डमध्ये ओढले जाऊन एक्झॉस्टमधून निळा धूर येतो. या धुरासाठी पिस्टन रिंग बदलण्याचा खर्च करण्याआधी पंपाची नळी काढून तिच्यात तेल आहे का, एवढे अवश्य पाहावे.

यानंतर मोटर दांड्यांपासून सोडवावी आणि काचेखालचे दोन्ही स्पिंडल, म्हणजे वायपरचे हात ज्यांवर बसतात ते आस, हाताने फिरवून पाहावेत. ते सुकलेल्या ग्रीसने जाम झालेले असतील, तर मोटरचा काहीच दोष नाही. स्पिंडल मोकळे असूनही मोटर एकटी रेंगाळत असेल, तरच ती उघडावी. आतले घट्ट झालेले ग्रीस पूर्ण पुसून काढावे, पात्याच्या कडेचे चामडे नीट्सफूट तेलात (चामडे मऊ ठेवणाऱ्या प्राणिज तेलात) भिजवून मऊ करावे आणि झाकणाखाली नवे गॅस्केट घालावे. गंज सोडवणारे स्प्रे किंवा इंजिन ऑइल आत मारू नये. चामड्याला आणि रबराला ते मानवत नाही. चाचणी नेहमी ओल्या काचेवर घ्यावी. आपल्या गाडीची काच दोन सपाट तुकड्यांची आहे, म्हणून ब्लेडही सपाट काचेसाठीचेच हवेत. वक्र काचेच्या ब्लेडना लागणारा दाब या मोटरला झेपत नाही.

एवढे झाल्यावर वायपर सपाटीवर व्यवस्थित चालतील. पावसाळ्यात घाटातून नियमित जायचे असेल, तर पुढची पायरी म्हणून एकमार्गी व्हॉल्व्हसह एक छोटी निर्वात टाकी मॅनिफोल्ड आणि मोटर यांच्यामध्ये बसवता येते. ती छोट्या चढापुरता साठा देते, मात्र संपूर्ण खंडाळा घाट तिच्या भरवशावर चढता येणार नाही. त्यामुळे रात्री, भर पावसात, कुटुंबासह प्रवास करणाऱ्याने विजेची मोटर बसवली तर मी त्याला दोष देणार नाही. काच स्वच्छ दिसणे मूळपणापेक्षा महत्त्वाचे आहे.

मोटर घेताना प्रथम व्होल्टेज पाहावे. ही गाडी मुळात ६ व्होल्टची आहे, पण मधल्या काळात कोणी १२ व्होल्ट केली असल्यास ते बॅटरीवरच कळेल. १२ व्होल्टची मोटर ६ व्होल्टवर रडतखडत चालते आणि ६ व्होल्टची मोटर १२ व्होल्टवर जळते. मध्ये रेझिस्टर घालून व्होल्टेज उतरवणे मला पटत नाही, कारण ओल्या आणि कोरड्या काचेवर मोटरचा करंट बदलतो आणि त्याबरोबर उतरलेले व्होल्टेजही बदलते. ६ व्होल्टवर तेवढ्याच कामाला दुप्पट करंट लागतो, म्हणून वायर जाड, अर्थिंग पत्र्यापर्यंत घासून स्वच्छ आणि फ्यूज स्वतंत्र ठेवावा.

जुनी मोटर काढण्यापूर्वी तिचा दांडा किती अंशांतून फिरतो ते मोजून ठेवावे. विजेच्या मोटरच्या क्रँकची (दांड्या हलवणाऱ्या फिरत्या हाताची) लांबी त्यावरून ठरते; ती जास्त झाली तर ब्लेड काचेच्या चौकटीवर आपटतात. स्विच बंद केल्यावर ब्लेड खाली नेऊन थांबवणारी पार्किंगची वायर जोडलेली आहे ना, हे मेकॅनिकला विचारावे, नाहीतर ते काचेच्या मधोमध उभे राहतील. मोटर बसवण्याची नवी पट्टी मूळ स्क्रूच्या भोकांवरच बसेल अशी करून घ्यावी, पत्रा कापू देऊ नये, आणि जुनी मोटर स्क्रूंसह जपून ठेवावी. मॅनिफोल्डवरचे मोकळे झालेले नळीचे तोंड धातूच्या प्लगने बंद करायला मात्र विसरू नये. ते उघडे राहिले तर गाडी आयडलिंगला बंद पडू लागेल आणि सगळा दोष कार्बोरेटरवर येईल.